आबांचा उजवा कान

आबांनी एखाद्याला आडनावानं हाक मारली की आम्ही समजायचो, आज त्याचं काही खरं नाही.

पेणमधल्या गणपतीच्या कारखान्यांत हाका कशा मारतात हे ज्यानं ऐकलंय त्याला यातली गंमत कळेल. कामगारांची नावं सगळी देवांची. गणेश, विठ्ठल, शंकर, महादेव. बायकांत मी लक्ष्मी. आणि मालक ओरडणार, "ए गण्या, हात मोडले काय तुजे?" "इठ्या, मुडद्या, साचा फाडलास ना!" आबांच्या कारखान्यात हे चालत नसे. तिथं गणेश हा गणेश आणि विठ्ठल हा विठ्ठल. देवाचं नाव तोंडात घेऊन शिवी द्यायची नाही, हा त्यांचा एकच नियम, आणि तो त्यांनी स्वतःला लावलेला होता. मग कामगारावर रागावायचं कसं? तर आडनावानं. साच्यातून ओली मूर्ती काढताना विठ्ठलच्या हातून सोंड निखळली की आबा चष्मा कपाळावर चढवायचे आणि म्हणायचे, "तांडेल, आज हात घरी ठेवून आलात वाटतं." एरवी 'अरे विठ्ठल' आणि रागावले की 'अहो तांडेल'. त्या 'अहो'ला आम्ही जाम घाबरायचो.

मी त्यांच्याकडे अकरा वर्षं काम केलं. माझं काम बॉडी कलरचं. मूर्तीच्या अंगावर पहिला गुलाबी हात माझा फिरायचा. आबांना जाऊन आता चार महिने झाले. कारखाना त्यांचा पुतण्या चालवतो. माणूस वाईट नाही, वेळेवर पैसे देतो, पंखाही नवीन लावलाय. पण तो मला 'लक्षे' म्हणतो, आणि दर वेळी आबा नाहीत हे मला नव्यानं कळतं.

आबा बुटके आणि किरकोळ अंगाचे. पांढरा हाफशर्ट, त्याचा खिसा कायम रंगानं माखलेला, आणि नखांच्या कडेला सोनेरी रंग. तो आंघोळीनंही जात नसे, त्यामुळे लग्नाकार्यात ते पंगतीला बसले की शेजारची माणसं त्यांच्या बोटांकडे बघत राहायची. काम सगळं शाडूचं. तुटलेला हात, सुटलेला कान, वाळताना तडकलेलं पोट, यातलं काहीही त्यांनी कधी केरात जाऊ दिलं नाही. एका टोपलीत कापडाखाली ते सगळं साठवायचं आणि सोमवारी सकाळी स्वतः टबात भिजत घालायचं. माती विरघळायला लागली की पाण्यावर हात फिरवून म्हणायचे, "परत जा, परत ये." नव्यानं कामाला आलेल्यांना हसू यायचं. महिन्याभरानं तीच माणसं टोपलीतलं कापड हळूच सारखं करताना दिसायची.

देवाचं नाव वाईट तऱ्हेनं कानावर पडलं तर आबा भांडत नसत. तिथून निघून जात. एकदा ते माझ्या नवऱ्याच्या मिनिडोर रिक्षातून रामवाडीहून कारखान्यात येत होते. मध्ये म्हैस आडवी आली, नवऱ्यानं ब्रेक मारला आणि तोंडातून म्हसोबाच्या नावानं जे निघायचं ते निघालं. आबा म्हणाले, "थांबव रे जरा." उतरले आणि उरलेला रस्ता वैशाखाच्या उन्हात चालत गेले. नवरा घरी येऊन माझ्यावरच उखडला, तुझ्या मालकाला काय झालंय म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी आबा आमच्या दारात हजर. "काल तुझा अपमान करायला उतरलो नव्हतो," ते त्याला म्हणाले. "मला बसवेना. माझाच दोष." नवऱ्यानं चहा दिला. त्या दिवसापासून आबा गाडीत असले की तो तोंडात बडीशेप धरून गाडी चालवायचा.

नारायणच्या बाबतीत मात्र आबांना उतरून चालत जाण्याची सोय नव्हती, कारण नारायण आखणी करायचा.

आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. रंग, सोवळं, दागिने, सगळं झाल्यावर शेवटी ते काम. डोळे बिघडले तर बाकी सगळं फुकट. नारायण अष्टमी गावचा, कुंडलिका नदीच्या पुलापलीकडे रोहा आणि अलीकडे अष्टमी, तिथला. रोह्याला एका कंपनीत शिफ्टला होता. ती नोकरी गेली तेव्हा लहानपणी शिकलेला हात त्यानं परत बाहेर काढला आणि आबांकडे आला. उंच, वाकलेला, गालफडं बसलेली. खारीच्या केसांचा एक ब्रश फडक्यात गुंडाळून आणायचा आणि तसाच गुंडाळून न्यायचा. वरची पापणी तो एका दमात काढायचा. खरंच एका दमात. श्वास आत घ्यायचा आणि रेघ संपल्यावर सोडायचा. त्याचे डोळे काढलेली मूर्ती कुठूनही बघा, आपल्याकडेच बघतेय असं वाटायचं. मुंबई-पुण्याची गिऱ्हाइकं मूर्ती ठरवताना विचारायची, "आखणी रोह्यावाल्याचीच ना?"

आणि हा माणूस देव मानत नव्हता. कंपनीत काही अपघात झाला तेव्हापासून, असं कोणी म्हणायचं. कोणी म्हणायचं बाप भूतबाधा उतरवणारा भगत होता, घरात नको ते बघितलं म्हणून. तो स्वतः काही सांगत नसे. हंगामाच्या सुरुवातीला पाटपूजन असायचं तेव्हा तो बाहेर जाऊन चहा पिऊन यायचा आणि मग प्रसाद मात्र मागून घ्यायचा. "साखरेनं काय वाकडं केलंय माजं?" म्हणायचा.

त्याचं तोंड वाईट होतं. माणसाला त्यानं कधी शिवी दिली नाही, मला तर कधी 'ए' सुद्धा केलं नाही. पण ब्रशचा केस सुटला, रंग दाट झाला, माशी बसली, की दातांतून "मोरया!" आणि मोठं काही बिघडलं की "मोरयाच्या आयला!" चारी बाजूंना ओळीनं गणपती बसलेले आणि मधे हा. पहिल्या दिवशी ते ऐकलं तेव्हा माझ्या हातातली रंगाची वाटी सांडली होती.

पहिल्याच दिवशी आबांनीही ते ऐकलं. उठले, नळावर गेले, बोट ओलं केलं आणि उजव्या कानाच्या पाळीला लावलं. कानाला पाणी लावलं की ऐकलेलं अमंगळ धुऊन जातं, असं त्यांच्या आईनं शिकवलेलं. दुपारपर्यंत ते पाच वेळा नळावर गेले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या बैठकीशेजारी पाण्याचा तांब्या आला. तो पुढं वर्षानुवर्षं तिथं होता. आखणीच्या जागेतून नारायणचं "मोरया!" आणि बाहेर आबांचं ओलं बोट कानाला. दोघांनाही त्याची सवय झाली, आम्हालाही झाली. हंगामात काम अंगावर आलं की विठ्ठल मला विचारायचा, "आज तांब्या कितीदा भरला गो?"

यावर त्या दोघांचं बोलणं मी एकदाच ऐकलं. जेवणाच्या सुट्टीत आबा डबा उघडता उघडता म्हणाले, "नारायण, तू त्याला मानत नाहीस. मग शिव्या तरी कोणाला देतोस? जो नाहीच त्याला लागणार कशी?"

नारायणनं भाकरी मोडली. "लागत नाय म्हणून तर देतो आबा. माणसाला दिली तर लागंल ना."

आबांनी डब्याचं झाकण परत लावलं. मग म्हणाले, "मला लागते रे."

"व्हय. तेवडं एक हाय," नारायण म्हणाला. त्यानं आपल्या डब्यातला सुक्या जवळ्याचा अर्धा वाटा झाकणात काढून माझ्याकडे सरकवला, आबा खात नसत म्हणून. त्यानंतर दोन-तीन दिवस त्याच्या तोंडून "मोरया" निघाला नाही. तो प्रयत्न करतोय हे आम्हाला दिसत होतं. चौथ्या दिवशी माशी बसली.

आखणीच्या जागेला आबांनी पडदा लावलेला होता, जुन्या धोतराचा. डोळे काढताना आत कोणी जायचं नाही, बघायचं नाही. गिऱ्हाइकानं हट्ट केला तर म्हणायचे, "बाळंतपण कोणी चारचौघांत करतं का?" त्या पडद्यानं नारायणचंही बरंच झाकलं होतं. आतलं आत राहायचं.

तो पडदा आबांनी स्वतःच्या हातानं बाजूला केला, हे मला सांगायलाच हवं. त्यांनीही ते कधी दुसऱ्यावर ढकललं नाही.

श्रावण होता. बाहेरगावच्या एका मंडळाचे सात-आठ कार्यकर्ते मोठ्या मूर्तीसाठी आले होते. त्यांना आखणीचं रील करायचं होतं. आबा नाही म्हणाले. पुतण्या म्हणाला, "आबा, आता सगळेच करतात, आपलीच जाहिरात होते." कार्यकर्ते म्हणाले, "काका, पाच मिनिटं फक्त." आबा दोनदा नाही म्हणाले आणि तिसऱ्यांदा उठून त्यांनी पडदा सरकवला.

आतून नारायणनं विचारलं, "आबा, पडदा?"

"असू दे आजच्या दिवस," आबा म्हणाले.

डावा डोळा झाला. उजव्याची वरची पापणी झाली. खालच्या पापणीला ब्रश टेकला आणि एकानं मोबाइलचा दिवा लावला. उजेड सरळ नारायणच्या डोळ्यांत गेला, हात दचकला आणि काळी रेघ मूर्तीच्या गालावरून खाली आली.

"मोरयाच्या आयला!"

मोठ्यानं आलं. दचकलेल्या माणसाचं येतं तसं. पुढचं सगळं दोन मिनिटांत झालं असेल, पण मला ते तुकड्यातुकड्यानंच आठवतं. कोणीतरी म्हणालं, "काय बोलला हा?" दुसरा म्हणाला, "बाप्पाच्या आईवरून बोलला. रेकॉर्ड झालंय." नारायणनं आधी काय केलं असेल, तर ओल्या कापसानं ती रेघ टिपून काढली. त्याला कॉलर धरून उठवलं तेव्हाही कापूस हातात होता. "नाक घास. मूर्तीसमोर नाक घासून माफी माग, नायतर हे आत्ता सगळीकडे जाईल. कारखान्याच्या नावासकट."

आबा मध्ये आले. त्यांची नजर कार्यकर्त्यांवर होती. "नारायण, चुकलो म्हण."

नारायण त्यांच्याकडे वळला. "तुमाला म्हणतो आबा. तुमाला लागलं असंल. चुकलो." मग मूर्तीकडे बघून म्हणाला, "मातीला नाय म्हणनार. तिला काय झालंय?"

त्याच्या कॉलरवरचा हात आवळला. दोघं-तिघं पुढं सरकले. आम्ही बायका भिंतीला टेकलो. विठ्ठलही जागचा हलला नाही, मीही नाही. तेव्हा आबा म्हणाले, "भोईर, तुम्ही घरी जा. उद्यापासून येऊ नका."

इतक्या वर्षांत त्यांनी नारायणला कधी आडनावानं हाक मारली नव्हती. नारायणची मान एकदम वर आली. "भोईर?" एवढंच तो म्हणाला. मग कॉलर सोडवून घेतली, ब्रश धुतला, ओठांनी त्याचे केस सरळ केले, फडक्यात गुंडाळला आणि चपला घालून निघून गेला. कार्यकर्त्यांनी आबांसमोर व्हिडिओ पुसला, पाया पडले, आणि ते गेले. मूर्तीचा उरलेला डोळा शेजारच्या कारखान्यातल्या माणसाकडून काढून घेतला. दोन डोळे एकमेकांना लागत नव्हते. गिऱ्हाइकाला ते कळलं नाही, पण आबा त्या मूर्तीसमोर बसून राहिले आणि त्या दिवशी डबा तसाच घरी गेला.

असल्या गोष्टी पेणमध्ये झाकून राहत नाहीत. नारायणला दुसऱ्या कुठल्या कारखान्यानं घेतलं नाही. 'आबांनी काढलाय' म्हटल्यावर कोण घेणार? आबांसारख्या माणसानं काढलं म्हणजे काहीतरी तसंच असणार, असा लोकांचा हिशेब. तो रोह्यात गाड्यांच्या नंबर प्लेटा रंगवतो, दुकानांच्या पाट्या लिहितो, असं विठ्ठलकडून कळायचं, कारण विठ्ठलची सासुरवाडी तिकडची. आबा ऐकायचे. दोनदा माझ्यासमोर म्हणाले, "विठ्ठल, नारायणला सांग की..." आणि पुढं, "राहू दे." तांब्या तिथंच होता, रोज भरलेला. कारखान्यात आता एकही वावगा शब्द कानावर येत नव्हता आणि आबांना तिथं करमत नव्हतं. मला राग यायचा त्यांचा. एवढं आहे तर जा ना, तासाभराचा रस्ता आहे, असं जिभेवर यायचं. मीही बोलले नाही.

पौषात विठ्ठल सासुरवाडीहून आला तो चप्पलही न काढता आबांसमोर उभा राहिला. "आबा, नारायणवरून वारा गेला. उजवी बाजू गेली. वाचा पण गेली." मग त्याचा आवाज भरून आला. "पण एक शब्द रायलाय. सारखा मोरया, मोरया करतो. लोक पाया पडायला येतात. बाप्पानं शेवटी ओढून घेतलाच त्याला."

आमच्यातल्या दोघी-तिघींनी हात जोडले. मीही जोडले, खोटं कशाला बोलू. आबांनी जोडले नाहीत. ते म्हणाले, "कसा म्हणतो?"

"कसा म्हंजे? मोरया म्हणतो."

"तेच विचारतोय. कसा म्हणतो?"

विठ्ठलला सांगता येईना. दुसऱ्या दिवशी आबा मला म्हणाले, "लक्ष्मी, रोह्याला येतेस का? मला एकट्याला एसटीत चढवत नाही."

गाडीत ते खिडकीशी बसले. नागोठणं मागं पडलं. मग बाहेर बघतच म्हणाले, "तुम्हाला सगळ्यांना वाटतं, मी त्याला देवासाठी काढला."

मी मांडीवरची पिशवी सारखी केली.

"त्या लोकांना भिऊन काढला. देवासाठी काढायचा असता तर पहिल्याच दिवशी नसता का काढला? इतकी वर्षं त्याची शिवी ऐकली, कानाला पाणी लावलं, आणि संध्याकाळी देवासमोर बसलो. माझं आणि देवाचं काही बिघडलं नव्हतं. पडदा मी उघडला, दिवा त्यांनी लावला, आणि घरी कोण गेलं? तो." थोड्या वेळानं म्हणाले, "आणि त्याला मी भोईर म्हटलं. एकदा त्याला नावानं हाक मारायची आहे मला. ऐकू येत असेल ना गं त्याला?"

"येत असेल आबा," मी म्हणाले. मला काय माहीत होतं?

पुलाजवळ उतरून आम्ही विचारत विचारत त्याच्या घरी गेलो. दाराशी चपला बऱ्याच होत्या. बाहेरच्याच खोलीत खाट. नारायण उशांना टेकवून बसवलेला, नवा पांढरा सदरा, कपाळावर लालभडक गंध, गळ्यात जास्वंदीचा हार. खाटेशेजारी सॉकेटमध्ये ते छोटं मंत्राचं यंत्र लावलेलं, दिवसभर एकच मंत्र म्हणणारं. पायाशी दोन नारळ. एक बाई त्याच्या पायांवर डोकं ठेवून उठत होती. त्याचा मेव्हणा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होता, "हजारो बाप्पांचे डोळे उघडले यानं. आता बाप्पा याच्याच मुखी बसलाय."

नारायणनं आबांना बघितलं. डावा हात खाटेच्या लाकडावर आपटला आणि दातांतून आलं, "मोरया!"

"बगा, बगा," त्याची बायको सुमनवहिनी म्हणाली. तिचा चेहरा उजळला होता. "आबा, तीस वरसं या मानसानं देवाला हात नाय जोडला वो. आता झोप सोडली तर नाव चालूच. माजा नवस फळला."

"मोरया! मोरया!" नारायण म्हणाला, आणि पुन्हा हात आपटला.

मी ते इतकी वर्षं ऐकलं होतं. ब्रशचा केस सुटल्यावरचं, माशी बसल्यावरचं. मला तेव्हा कळलं, आबा विठ्ठलला काय विचारत होते.

आबा खाटेपाशी गेले. वाकून सॉकेटमधलं ते यंत्र काढलं. मंत्र थांबला. मग त्यांनी नारायणच्या गळ्यातला हार काढून नारळांवर ठेवला, खिशातला रुमाल काढला आणि त्याच्या कपाळावरचं गंध पुसायला लागले. सावकाश, ओली मूर्ती पुसावी तसं. आयुष्यभर देवाच्या पायाशी बसलेला तो माणूस हे करतोय, आणि सगळे बघतायत.

"ओ काका, काय करता?" मेव्हणा पुढं आला.

"हा नाव घेत नाही," आबा म्हणाले. "शिवी देतोय. मी रोज ऐकलीय, मला माहीत आहे. तोंडात दुसरं काही उरलं नाही म्हणून तुम्ही याच्या तोंडी देव घालू नका. याला ते नको होतं. हातपाय चालत होते तेव्हा नको होतं, आता बोलता येत नाही म्हणून त्याला हवं झालं का?"

सुमनवहिनी भिंतीला धरून खाली बसली. "आबा," ती म्हणाली, "माज्याकडं आता एवडंच रायलंय वो. ते तरी असूं द्या."

आबांचा रुमाल धरलेला हात थांबला. त्या घरातलं एकुलतं एक सुख आपण पुसून टाकलं हे त्यांना कळत होतं, आणि गंध अर्धवटच पुसलं गेलं होतं. ते तिच्यासमोर वाकले, हात जोडले. "वहिनी, नाव मी घेईन. याच्या वाटणीचंही मीच घेईन, जगेन तोवर. तुम्हीही घ्या, मोठ्यानं घ्या. पण याला याचं राहू द्या. मी एकदा याचं काढून घेतलंय, लोकांना भिऊन. आता परत नको."

ती रडत राहिली. हो म्हणाली नाही, पण मेव्हणा यंत्र परत लावायला गेला तेव्हा तिनं हातानंच नको म्हणून सांगितलं.

मग आबा खाटेच्या कडेला बसले. नारायणचा चालणारा हात त्यांनी दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाले, "नारायण."

नारायण बघत राहिला. खोल गेलेले डोळे, त्यातला एक जरा ओढलेला. तोंड हललं, काहीतरी शोधत हललं, गळ्याच्या शिरा ताणल्या, आणि शेवटी त्याच्याजवळ जो एक शब्द होता तोच बाहेर आला. "मोरया!"

आबांनी आजूबाजूला पाहिलं. खाटेखाली औषधाच्या गोळ्यांसाठी भरून ठेवलेला पाण्याचा पेला होता. तो त्यांनी उचलला, बोट बुडवलं आणि उजव्या कानाच्या पाळीला लावलं.

नारायणच्या तोंडाची अर्धी बाजू हसली.

आबा उठले नाहीत. पेला मांडीवर धरून बसले. आतून चहा आला तो गार झाला, शेवटची गाडी चुकेल म्हणून मी दोनदा सांगितलं, तरी बसून राहिले. नारायण शिवी द्यायचा आणि आबा बोट ओलं करायचे. नारायण पुन्हा द्यायचा.